बेतावी लग्न: हसण्याआधी समजून घेऊया

शिक्षक मित्रांनो आणि पालकहो, इतर देशांच्या चालीरीती शिकवताना आपण हल्ली चित्रपटांतले तुकडे दाखवतो. चांगलंच आहे. पण तेवढ्यावर थांबू नका, असं माझं मत आहे.

बेतावी लोकांचंच बघा. इंडोनेशियातल्या जकार्ताचे हे मूळ रहिवासी. पडद्यावर त्यांचं लग्न म्हटलं की नवरदेवाची वरात येते, मुलीकडचे गडी दारात वाट अडवतात, यमकं जुळवून टोमणे मारतात आणि मग मारामारी! मुलं पोट धरून हसतात.

या विधीचं नाव ‘पालांग पिंतू’, म्हणजे दाराचा अडसर. गंमत अशी की मुलीकडचा गडी हरणार हे आधीच ठरलेलं असतं. टोमणे ‘पांतुन’ या चार ओळींच्या काव्यात, लढत ‘सिलात’ या युद्धकलेची, आणि शेवटी वरपक्षाने कुराणातला भाग सुरात म्हणायचा. म्हणजे मुलीकडचे विचारतात, तुला चार माणसांत बोलता येतं का? आमच्या लेकीला सांभाळशील का? धर्माने वागशील का? कॅमेरा मारामारीवरच रेंगाळला, तर हे प्रश्न कुणाला कळणार?

वरपक्ष मगरीच्या आकाराचे पाव आणतो, ‘रोती बुआया’. मगर आयुष्यभर एकच जोडीदार ठेवते अशी त्यांची समजूत, म्हणून ते निष्ठेचं प्रतीक. वराच्या पोशाखात अरबी छाप, वधूच्या पोशाखात चिनी. बंदराच्या शहरात अनेक लोक मिसळून हा समाज घडला, त्याचा इतिहासच अंगावर!

आज जकार्तात बेतावी अल्पसंख्य आहेत. बाकीच्यांना ते बरेचदा पडद्यावरूनच कळतात, आणि तिथे विनोदी, अडाणी बेतावी फार वेळा दिसला. म्हणूनच 1994 साली सुरू झालेली ‘सी दुल आनाक सकोलाहान’ ही मालिका मोलाची वाटते. तिचा नायक दुल हा शिकून इंजिनिअर होणारा बेतावी मुलगा आहे.

तेव्हा तुकडा दाखवा, मुलांना हसू द्या, पण नंतर तीन प्रश्न नक्की विचारा. दार का अडवलं? कोण हरलं आणि का? आणि एवढ्या सगळ्यात नवरी कुठे होती? तिसऱ्या प्रश्नावर मुली जास्त बोलतील. त्यांना बोलू द्या.

दुसऱ्याच्या रीतीला ‘का?’ विचारायला शिकलेलं मूल त्या रीतीची टिंगल सहसा करत नाही. आणि उद्या ते आपल्या घरातल्या रीतींनाही ‘का?’ विचारेल. त्याची तयारी मात्र आपण ठेवायला हवी.