दुसरा ठसा

भेंडी नाहीतर बटाटा कापून लहानपणी कागदावर ठसे उमटवले नाहीत असे मराठी घर विरळाच. कापडावरची ठसेछपाई म्हणजे त्याच खेळाचा थोरला अवतार, असे समजून बंगळुरूच्या छपाईवर्गात गेलेल्या हौशी गृहिणीची पहिल्या अर्ध्या तासातच तारांबळ उडते.

बंगळुरू काही सांगानेर किंवा बगरू नव्हे, जिथे छिपा घराणी पिढ्यान्‌पिढ्या हेच काम करतात. पण इथल्या सदाशिवनगरात लक्ष्मी श्रीवत्स यांनी १९७७ साली 'तरंगिणी' हा ठसेछपाईचा स्टुडिओ सुरू केला, आणि पुढे तिथे नवशिक्यांसाठीही वर्ग होऊ लागले.

कापड आधी धुऊन खळ काढलेली हवी. लांब टेबलावर जाड कापडाचे थर अंथरलेले असतात. टणक फळीवर ठसा सारखा उमटत नाही. लाकडी ठसा रंगाच्या गादीवर अलगद टेकवायचा. जोर लावला की खाचांत रंग भरतो आणि फुलाचा चिखल होतो! मग कापडावर ठेवून मुठीने एक ठोका. पहिला ठसा बहुधा छान येतो. परीक्षा असते ती दुसऱ्याची. तो पहिल्याला नेमका खेटून बसायला हवा. कारागिराची नजर ठशाच्या कोपऱ्यातल्या बारीक खुणेवर असते. नवशिकीची वेल मात्र चौथ्या ठशापर्यंत तिरकी चालू लागते. शिवाय प्रत्येक रंगाचा ठसा वेगळा, आणि तो आधीच्या रेघेतच बसला पाहिजे.

जरा हिशेब करा. साडी साडेपाच मीटर, ठसा चार इंची. एका काठाला एका रंगाचे ५४ ठोके. दोन्ही काठ, तीन रंग म्हणजे ३२४. पदर आणि अंग अजून बाकीच. "नुसत्या सुती साडीला एवढे पैसे?" हा प्रश्न त्या टेबलाशी उभे राहिल्यावर सहसा तोंडून निघत नाही. बाजारात मात्र यंत्राने छापलेली नक्षीही 'हातछपाई' म्हणून खपवली जाते. हातकामात सांध्यावर रेघ कुठे किंचित सरकलेली, रंग कुठे जरा गडद असतो. सगळेच तंतोतंत दिसले तर दुकानदाराला खुशाल विचारावे.

नवशिकीने साडीच्या वाटेला जाऊ नये. उशीचा अभ्रा घ्यावा, त्यावर सलग वेलीऐवजी सुट्या बुट्ट्या छापाव्यात. पिगमेंटचा रंग पूर्ण वाळल्यावर उलट्या बाजूने गरम इस्त्री फिरवावी, म्हणजे तो पक्का होतो. ठसा लगेच मऊ ब्रशने धुऊन सावलीत वाळवावा, नाहीतर खाचा बुजतात.