रिझर्व्ह बँक आणि आपला घाम

दोस्तहो, फोर्टातल्या रिझर्व्ह बँकेपासून मुंबईची गोदी लांब न्हाई. पण बँकेला आपला घाम मोजायची गरज का पडते?

हिशेब सरळ आहे. मजुरी वाढली आणि माणशी काम तेवढंच राहिलं, की मालाचा खर्च चढतो, भाव चढतात. २०१६ पासून कायद्यानं बँकेवर महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची जबाबदारी आहे. मग ती व्याज वाढवते. कर्ज महागतं, बांधकामं थंडावतात आणि आमच्या नायगावचा पोरगा नाक्यावर रिकामा बसतो. माणशी काम वाढलं, तर मजुरी वाढूनही भाव आवरतात.

इथवर कबूल. पण काम वाढतं कशानं? पाठीवर गोण वाहणारा हमाल काय आळशी होता? क्रेन आली, कंटेनर आले, तासाचे टन वाढले. गोदीतली माणसं मात्र घटली. वाढलेलं कुणी गिळलं? आणि नायगावच्या रानात खुरपणाऱ्या भूमिहीन बाईला ना जमीन, ना पाणी, ना यंत्र. तिची उत्पादकता काय आभाळातून पडणार?

भाव चढतात तशी मजुरी चढत न्हाई, मरतो तो मजूर, हे बाबासाहेबांनी १९२५ मध्येच हिल्टन यंग कमिशनपुढं मांडलं. म्हणून साहेब, मजुरीकडं बोट दाखवण्याआधी नफा मोजा. जमीन, पाणी, शाळा, हत्यार आमच्या हाती येऊ द्या. मग मोजा आमचा घाम!