आजाराच्या नावापाशी थांबू नका

क्रॉनिक ग्रॅन्युलोमॅटस डिसीज, म्हणजेच सीजीडी, हा जन्मजात आजार असलेल्या मुलाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जंतूला गाठतात, गिळतातही. मारू मात्र शकत नाहीत. त्यासाठी प्राणवायूपासून जहाल रसायन बनवणारे विकर त्यांच्यात निकामी असते. मग मानेतल्या गाठी पिकतात, यकृतात गळू होते, फुप्फुसात अ‍ॅस्परजिलस बुरशी वाढते. १९५०च्या दशकात या आजाराचे पहिले वर्णन झाले तेव्हा अशी मुले लहानपणीच दगावत. आज डीएचआर ही रक्तचाचणी आजार ओळखून देते, आणि नाव कळले की तपास संपला असे वाटू लागते. माझ्या मते खरा तपास तिथून पुढे सुरू व्हायला हवा. या विकराचे भाग अनेक आहेत, प्रत्येकाचे जनुक वेगळे आहे, आणि बिघाड कोणत्या जनुकात आहे यावर केवळ त्या मुलाचेच नव्हे, घरातल्या इतरांचेही बरेच काही अवलंबून असते.

सीवायबीबी हे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. त्यातला दोष बहुधा आईकडून मुलाकडे येतो. क्वचित तो मुलात नव्यानेही उद्भवतो. आजारी पडतात ते मुख्यतः मुलगे. युरोप-अमेरिकेत हाच प्रकार जास्त दिसतो. एनसीएफ१, एनसीएफ२, सीवायबीए या जनुकांचे तसे नाही. तिथे आई आणि बाप दोघांकडून एकेक सदोष प्रत यावी लागते, आणि मुलगा-मुलगी दोघांनाही धोका सारखाच. नात्यात लग्ने होतात त्या समाजांत या प्रकाराचे प्रमाण वाढते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आपल्याकडे अनेक जातींत आहेच. आजारी मुलाचा ठपका सुनेच्या माहेरावर ठेवून मोकळे होणाऱ्या घरांना जनुकाचा अहवाल दाखवण्यासारखा आहे. पण मुद्दा दोषारोपाचा नाही, पुढच्या निर्णयांचा आहे. एक्सशी निगडित प्रकार असेल तर मावशीची आणि बहिणीची तपासणी महत्त्वाची ठरते, कारण वाहक स्त्रियांनाही तोंडात वारंवार फोड येणे, ल्युपससारखी लक्षणे दिसणे असे त्रास होऊ शकतात. दुसऱ्या प्रकारात काका-आत्यांकडेही पाहावे लागते. एनसीएफ१च्या रुग्णांचा आजार तुलनेने सौम्य असतो, म्हणून त्यांचे निदान उशिरा होऊ शकते. क्षयाचे प्रमाण मोठे असलेल्या आपल्या देशात मानेतली अशी गाठ क्षयाची समजली जाणे अगदी सोपे.

यावर डॉक्टरांचाच एक आक्षेप असतो आणि तो पोकळ नाही. जनुक कोणतेही असो, रोजचे औषध तेच: कोट्रायमॉक्साझोल आणि इट्राकोनाझोल. मग गरीब आईबापांना महागड्या चाचणीत का ढकलायचे? औषध तेच असले तरी रोगाचा कल तोच नसतो. पेशींत ते रसायन थोडेफार तरी तयार होत असेल तर रुग्ण जास्त जगतो, हे २०१०मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी संशोधनात दिसले. आणि ते किती उरते हे बऱ्याच अंशी जनुकातल्या दोषावर ठरते. बोन मॅरो ट्रान्सप्लांट कधी करायचे, दाता म्हणून बहीण चालेल का, हे प्रश्नही याच माहितीशी येऊन भिडतात. खर्चाचे म्हणाल तर सुरुवात जनुकापासून करावीच लागत नाही. मुलासोबत आईचेही रक्त डीएचआरला दिले आणि तिच्या पेशींचे दोन वेगळे गट दिसले, तर एक्सकडे बोट जाते. कोणते प्रथिन गायब आहे हे फ्लो सायटोमीटर या यंत्रावरच पाहता येते. उलट एनसीएफ१च्या बाबतीत नेहमीची जनुकचाचणी फसू शकते, कारण त्या जनुकाच्या शेजारीच त्याच्या दोन निकामी नकला असतात आणि खरा दोष त्यांच्या गर्दीत हरवतो. महागडी चाचणी म्हणजे अचूक चाचणी, हा समज इथे तरी सोडावा.

केंद्राच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात सीजीडीचा समावेश आहे आणि मान्यताप्राप्त केंद्रांत उपचारासाठी ५० लाख रुपयांपर्यंत मदत मिळू शकते. मुंबईचे केईएम रुग्णालय त्यांपैकी एक. एवढा खर्च उपचारावर करायची तयारी असेल, तर आईचे रक्त आणि प्रथिनाची तपासणी पहिल्याच फेरीत व्हावी. दोष नेमका माहीत असेल तर पुढच्या गरोदरपणात तिसऱ्या महिन्याच्या सुमारास वारेचा नमुना तपासता येतो. ती तपासणी नको असेल, तर बाळ जन्मताच डीएचआर करावी आणि निकाल येईपर्यंत बीसीजी थांबवावी, कारण सीजीडी असलेल्या बाळात त्या लशीतले जिवंत जंतूच संसर्ग घडवू शकतात. बीसीजी जन्मानंतर लगेच दिली जाते. तेव्हा ही सूचना बाळंतपणाच्या आधीच आईच्या कागदांवर लिहिलेली असली पाहिजे.