सिलिंडर कुठून येतो?

आमच्या शांती नगरात बऱ्याच सोसायट्यांत पाइपचा गॅस आला आहे. आमच्या इमारतीत अजून लाल सिलिंडरच चालतो. मागच्या महिन्यात तो नेमका सकाळी, डब्याच्या पोळ्या निम्म्या झाल्या असताना संपला. भरलेला सिलिंडर आत सरकवायला दुसऱ्या मजल्यावरच्या चाचांचा नातू मदतीला आला. सहावीत आहे, आमच्याच शाळेत. आम्ही रेग्युलेटर बसवत होतो तोवर तो बघत उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हा गॅस जमिनीतून असाच निघतो का? आणि पेट्रोल दुसऱ्या विहिरीतून?"

आम्ही शिक्षकी थाटात सुरुवात केली, "कच्च्या खनिज तेलाचे प्रभाजी ऊर्ध्वपातन केले असता..." वाक्य पुरे होण्याआधीच मुलाचा चेहरा उतरला. इतकी वर्षे शिकवूनही आमच्याकडून हे होतेच. उर्दूत या क्रियेला ‘कशीद’ म्हणतात, म्हणजे ओढून काढणे. कापडावर सुईने दोरा ओढून काढतात तो कशिदाही त्याच घराण्यातला. मराठीत साधे ‘अर्क काढणे’ आहे. एवढे चांगले शब्द घरात असताना मुलांच्या माथी ‘प्रभाजी’ का मारायचे, हे आम्हाला अजून कळलेले नाही.

मगरीबनंतर मुलाला घेऊन आम्ही त्याच्या आजोबांकडेच गेलो. चाचा मूळचे राजापूर तालुक्यातले. कुवेतच्या एका रिफायनरीत त्यांनी चोवीस वर्षे ऑपरेटर म्हणून काढली. त्या पगारातून मुले शिकली, दोन मुलींची लग्ने झाली आणि हा फ्लॅटही झाला. नातवाला जवळ बसवून त्यांनी विचारले, "गुलाबाचे अत्तर कसे काढतात ठाऊक आहे?"

कनौजमध्ये तांब्याच्या देगेत फुले आणि पाणी घालून खाली विस्तव ठेवतात. वाफ बांबूच्या नळीतून भपक्यात जाते. भपका थंड पाण्यात ठेवलेला असतो, तिथे ती वाफ पुन्हा द्रव होते. "रिफायनरी म्हणजे हीच देग," चाचा म्हणाले, "फक्त दहा-पंधरा मजली उंच. आणि आत एक अर्क नाही, पाच-सहा अर्क एकत्र मिसळलेले."

कच्चे तेल म्हणजे एकच एक पदार्थ नव्हेच. हायड्रोजन आणि कार्बनच्या लहानमोठ्या साखळ्यांची ती खिचडी आहे. लहान साखळी कमी उष्णतेत उकळते, लांब साखळीला जास्त आच लागते. आधी तेल पाण्याने धुऊन त्यातले मीठ काढतात, नाहीतर पाइप गंजतात. मग भट्टीत ते साधारण ३५० अंशांपर्यंत तापवून उंच मनोऱ्याच्या तळाशी सोडतात. बहुतेक तेलाची तिथे वाफ होते आणि ती वर चढू लागते. मनोरा तळाशी तापलेला आणि शेंड्याकडे थंड. आत मजल्यामजल्यावर भोके पाडलेल्या थाळ्या असतात. चढता चढता ज्या वाफेला जिथे थंडी सोसत नाही तिथे ती द्रव होऊन थाळीत उतरते. खालच्या मजल्यांवर डिझेल, त्याच्या वर रॉकेल आणि विमानाचे इंधन, आणखी वर पेट्रोलचा कच्चा माल असलेला नॅफ्था, आणि अगदी शेंड्यातून बाहेर पडतो तो गॅस. त्यातले प्रोपेन आणि ब्युटेन दाबाखाली द्रव करून लाल सिलिंडरमध्ये भरतात. सिलिंडर हलवला की आत खळखळते ते म्हणूनच. शेजारच्या सोसायटीतला पाइपचा गॅस मात्र वेगळा. तो मुख्यतः मिथेन, जमिनीतून गॅस म्हणूनच निघणारा, रिफायनरीत न बनणारा. म्हणजे नातवाचा प्रश्न अगदीच चुकीचा नव्हता.

घरच्या गॅसला जो सडका वास येतो तो त्याचा स्वतःचा नाही. गळती लगेच कळावी म्हणून मरकॅप्टन नावाचा गंधकयुक्त पदार्थ त्यात मुद्दाम मिसळतात.

तळाशी जे उरते ते काळे, दाट. त्याला आणखी आच दिली तर ते करपून कोळसा होईल. म्हणून दुसऱ्या मनोऱ्यातली हवा ओढून घेतात. कुकरमध्ये दाब वाढतो म्हणून पाणी शंभर अंशांच्या वर उकळते. दाब काढून घेतला की उलटे होते, कमी आचेवरही उकळी फुटते. या युक्तीने वंगणाचे तेल, मेण असलेले जड तेल वगैरे निघते आणि शेवटी राहते ते डांबर. आमच्या गल्लीत पावसाळ्यापूर्वी ओततात आणि पावसाळ्यात वाहून जाते तेच.

अत्तराच्या देगेवरून आम्हाला अबू बक्र अल-राझी आठवले. नवव्या-दहाव्या शतकातल्या या हकीमांनी ‘नफ्त’ म्हणजे खनिज तेल अंबिकात तापवून दिव्यात जळणारे पांढरे तेल काढण्याची रीत लिहून ठेवली आहे. पाश्चात्त्य भाषांतला ‘अलेम्बिक’ हा आपला ‘अल-अंबिक’च. हे ऐकून कोणी लगेच रिफायनरी आपल्या पूर्वजांनीच शोधली म्हणू लागेल, तर तसे नाही. पण देगेचा धागा तिथपर्यंत जातो खरा.

"आता खरी गोष्ट ऐक," चाचा नातवाला म्हणाले. "पिंपातून फक्त पेट्रोल दे म्हणून सांगता येत नाही. पिंप सगळेच्या सगळे येते." तेलाचे पिंप १५९ लिटरचे. पेट्रोल आणि गॅस जास्त हवा म्हणून जड तेलाच्या लांब साखळ्या तोडतात. रेतीसारख्या बारीक उत्प्रेरकावर पाचशे अंशांच्या वर हे काम चालते. पण तोडले तरी काही ना काही उरतेच. आणि तेलाबरोबर गंधक येते. तो हायड्रोजन वापरून काढावा लागतो आणि तेव्हा हायड्रोजन सल्फाइड नावाचा विषारी वायू बनतो. पुढे त्यापासून पिवळे गंधक वेगळे करून विकतात. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-६ इंधन आले. त्यात गंधक दहा लाखांत दहा भागांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे गाडीच्या धुरातून जे कमी झाले ते रिफायनरीत काढून घेतले गेले.

या वायूचा वास सडक्या अंड्यासारखा, पण प्रमाण वाढले की नाकच बधिर होते. चाचा सांगत होते, "वास थांबला म्हणजे सुटलो असे समजायचे नाही, असे पहिल्या दिवशी शिकवतात. आमच्या प्रत्येकाच्या छातीवर मीटर असायचा. तो वाजला की वाऱ्याला आडवे पळायचे."

हे सगळे कुवेतलाच होते असे नाही. आमच्याकडून लोकलने आणि पुढे बसने दोनेक तासांवर माहूल आहे. तिथे दोन रिफायनऱ्या शेजारी शेजारी उभ्या आहेत. एक १९५४ साली अमेरिकन स्टॅनव्हॅक कंपनीने सुरू केली, दुसरी १९५५ साली बर्मा शेलने. १९७४ आणि १९७६ मध्ये सरकारने त्या ताब्यात घेतल्या. आजच्या एचपीसीएल आणि बीपीसीएल त्या याच. बॉम्बे हायमध्ये १९७४ साली तेल लागले, ते समुद्राखालच्या पाइपने उरणला आणि तिथून तुर्भ्याला येऊ लागले. परदेशी तेलाची जहाजे जवाहर द्वीपाला लागतात. मोनोरेलचे तर ‘भारत पेट्रोलियम’ नावाचे स्टेशनच आहे. मोनोरेल चालू असताना आम्ही एकदा मुलांना त्या बाजूने नेले होते. चिमणीवरची ज्योत पाहून मुलांनी आग लागली म्हणून गलका केला. ती ज्योत म्हणजे नको असलेला गॅस सुरक्षित जाळण्याची सोय. ती एकाएकी फार मोठी झाली की आत काहीतरी बिघडले असावे किंवा यंत्र बंद-चालू होत असावे, असे चाचा म्हणाले. खरी दुर्घटनाही तिथे झालेली आहे: ८ ऑगस्ट २०१८ रोजी बीपीसीएलच्या हायड्रोक्रॅकर विभागात स्फोट होऊन चाळीसहून अधिक लोक जखमी झाले.

त्याच माहूलमध्ये तानसा जलवाहिनीच्या कडेची घरे पाडून हजारो कुटुंबांना इमारतींत नेऊन ठेवले गेले. माहूल-आंबापाड्याची हवा रहिवाशांच्या आरोग्याला धोकादायक आहे, असे राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१५ मध्येच म्हटले होते. लोक खोकला, त्वचेचे विकार, श्वासाचे त्रास सांगत राहिले, रस्त्यावर बसले. सप्टेंबर २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कोणालाही तिथे जबरदस्तीने पाठवू नका, पर्यायी घर देता येत नसेल तर महिना १५,००० रुपये भाडे द्या, असा आदेश दिला. आम्ही हे सांगत होतो तेव्हा चाचा गप्प होते. मग म्हणाले, "मास्तर, आमच्या छातीवर मीटर होता. तिथल्या पोरांच्या छातीवर कुठे होता?"

ते का गप्प होते ते नंतर कळले. कोकणातल्या मोठ्या रिफायनरीची जागा आधी नाणारला ठरली होती. मार्च २०१९ मध्ये तिथली अधिसूचना रद्द झाली. पुढे बारसूचे नाव आले. एप्रिल २०२३ मध्ये बारसूच्या सड्यावर माती परीक्षणाला लोकांनी विरोध केला तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर सोडला. कातळशिल्पांचा तो सडा, खाली आंबा-काजू, पलीकडे मासेमारी. चाचांच्या घरी त्यावरून दोन तट आहेत. एक भाऊ म्हणतो, जमीन जाऊ दे, पोरांना नोकऱ्या लागतील, मुंबई-कुवेत धरावे लागणार नाही. दुसरा त्या सड्यावर आंदोलकांत बसला होता. सातबाऱ्यावर चौघा भावंडांची नावे आहेत आणि दोघेही चाचांना फोन करतात, कारण घरात रिफायनरी आतून पाहिलेले तेच एक.

"तुम्ही सही करणार, दादा?" नातवाने विचारले.

"रिफायनरीला वाईट म्हणायला माझी जीभ वळत नाही," चाचा म्हणाले. "तिच्यावरच तुझा बाप शिकला. पण गावातले लोक माझ्यासारखी पाळी संपवून फाटकाबाहेर जाणार नाहीत, ते तिथेच झोपणार."

त्यांनी गॅसच्या पावतीच्या पाठीवर उर्दूत काही प्रश्न लिहिले आणि ग्रामसभेत वाचता येतील असे मराठीत उतरवून द्यायला आम्हाला सांगितले. साठवणुकीच्या टाक्या आणि टँकर भरायची जागा वस्तीपासून किती लांब? पावसाळ्यात वारा समुद्रावरून येतो, तेव्हा त्याच्या वाटेत कुठल्या वाड्या? हवेतले बेंझीन कोण मोजणार आणि रोजचा आकडा गावच्या फळ्यावर लागणार का? भोंगा वाजला तर शाळेतल्या मुलांनी कोणत्या रस्त्याने पळायचे? पाणी कुठून घेणार, वापरलेले कुठे सोडणार?

आम्ही त्याच रात्री ते लिहून दिले. ‘वाऱ्याला आडवे पळायचे’ हे मराठीत नीट उतरायला बराच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी चाचांनी तो कागद दोन्ही भावांना पाठवला, एकाच वेळी. अजून दोघांचाही फोन आलेला नाही.