‘मराठी विज्ञानाला अपुरी पडते’ : एका सोयीस्कर समजाचा इतिहास

१/ परभणी जिल्ह्याच्या पूर्णा तालुक्यात ताडकळस हे गाव आहे. अशा गावातून मराठी माध्यमात दहावी झालेली मुलगी विज्ञान शाखेत पाऊल टाकते, तेव्हा ‘त्वरण’, ‘अपवर्तन’, ‘संयुजा’ हे कमावलेले शब्द उन्हाळ्याच्या एका सुट्टीत निरुपयोगी ठरतात. कारण विचारले की ठरलेले उत्तर येते : उच्च विज्ञान मराठीत मांडताच येत नाही. हे उत्तर इतिहासाला मान्य नाही.

२/ ताडकळसपासून गंगाखेड दूर नाही. ते संत जनाबाईंचे गाव. याच गोदावरीच्या खोऱ्यात तेराव्या शतकात महानुभावांनी मराठी गद्य घडवले आणि १२९० मध्ये ज्ञानेश्वरी पूर्ण झाली. गहन विषय संस्कृतातच शोभतो, असे मानणारे पंडित तेव्हाही होते. ग्रंथ सिद्ध झाले आणि तो वाद आपोआप निकालात निघाला.

३/ आधुनिक गणिताचीही कथा अशीच आहे. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्विस या लष्करी अभियंत्याने शास्त्र्यांच्या साहाय्याने हटन यांच्या इंग्रजी गणितग्रंथांवरून मराठी पाठ्यपुस्तके सिद्ध केली. त्याच्या अभियांत्रिकी शाळेत एतद्देशीय विद्यार्थ्यांना मराठी-गुजरातीतून शिकवले जाई. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश निघाला १८३१ मध्ये. म्हणजे मराठी गणिताची पुस्तके त्या कोशाच्याही आधीची!

४/ बाळशास्त्री जांभेकर ‘दर्पण’कार म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवणारे जांभेकर मात्र फारसे आठवले जात नाहीत. १८४० मध्ये त्यांनी ‘दिग्दर्शन’ हे मासिक काढले. भूगोल, विज्ञान, इतिहास असे विषय त्यात मराठीत येत. पत्रकारितेचा जनक म्हणून पुतळा उभारायचा आणि विज्ञानलेखक विसरायचा, ही स्मृतीची निवडही निरागस नाही.

५/ मग प्रवाह तुटला कुठे? १८४० च्या दशकात मुंबईच्या शिक्षण मंडळात मोठा वाद झाला. अध्यक्ष अर्स्किन पेरी यांचा आग्रह इंग्रजीचा होता. देशी भाषांच्या बाजूने जर्विस, जगन्नाथ शंकरशेट, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा उभे राहिले. इंग्रजी शिकू नये, असे शंकरशेट यांचे म्हणणे नव्हते. बहुजनांपर्यंत ज्ञान न्यायचे तर ते त्यांच्याच भाषेतून न्यावे लागेल, एवढेच त्यांचे म्हणणे होते.

६/ पुढे उच्च शिक्षण इंग्रजीकडे गेले. १८५७ च्या मुंबई विद्यापीठाने ती दिशा पक्की केली. मराठीची परीक्षा घेऊन ती अनुत्तीर्ण ठरली, असे कधी घडलेच नाही. तिला परीक्षेलाच बसू दिले गेले नाही.

७/ याहून मोठा पुरावा परभणीच्याच इतिहासात आहे. हा जिल्हा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१७ मध्ये तेथे ‘दारुत्तर्जुमा’ हा भाषांतर विभाग सुरू झाला. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. अध्यापनाचे माध्यम उर्दू. गणित, पदार्थविज्ञान, रसायन, वैद्यक, अभियांत्रिकी, कायदा या विषयांचे शेकडो ग्रंथ उर्दूत आणले गेले. परिभाषेसाठी विद्वानांच्या समित्या बसल्या.

८/ त्या विद्यार्थ्यांचे जगाशी नाते तुटले का? उस्मानियाच्या आरंभीच्या पदवीधरांपैकी रझीउद्दीन सिद्दिकी हे गणिती पुढे केंब्रिजला गेले आणि लाइपझिगला हायझेनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी डॉक्टरेट मिळवली. उस्मानियात इंग्रजी हा विषयही अनिवार्य होता. भाषा म्हणून इंग्रजी आणि विचाराचे माध्यम म्हणून देशी भाषा, ही वाटणी शक्य होती. ती प्रत्यक्षात चालली.

९/ परंतु या यशाची दुसरी बाजू लपवणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. संस्थानातील बहुसंख्यांची मातृभाषा तेलुगू, मराठी किंवा कानडी होती. परभणीच्या मराठी मुलासाठी उर्दू ही राज्यकर्त्यांची भाषा होती. भारतीय भाषेत विज्ञान आले, तरी ते त्याच्या दारात आले नाही. मराठवाड्यातील राष्ट्रीय शाळांची धडपड या अन्यायाच्या पार्श्वभूमीवरच समजते.

१०/ १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाची राजवट संपली. उस्मानियातील उर्दू माध्यमही लवकरच गेले आणि त्याची जागा इंग्रजीने घेतली. तो प्रयोग राजकारणाने थांबवला. भाषेच्या दुबळेपणामुळे तो थांबला नाही. परभणीच्या वाट्याला आधी परकी उर्दू आली, मग परकी इंग्रजी. पाळी मराठीची कधी आलीच नाही.

११/ १९६० नंतर राज्य मराठीचे झाले. भाषा संचालनालयाने परिभाषा कोश काढले. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या नेतृत्वाखाली विश्वकोशाचे काम उभे राहिले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. कामे थोर आहेत. परंतु कोश हे धान्याचे कोठार असते. रोजची भाकरी म्हणजे विद्यार्थ्याच्या हातातले क्रमिक आणि पूरक पुस्तक. कोठारे बांधली गेली, चूल मात्र पेटली नाही.

१२/ ‘मराठी संज्ञा हास्यास्पद वाटतात’ हा आक्षेप नेहमीचा. न वापरलेला प्रत्येक शब्द हास्यास्पद वाटतो. ‘गुरुत्वाकर्षण’ आज कुणाला खटकत नाही. ‘बेरीज’ फारसीतून आली, ‘वजा’ आणि ‘बाकी’ अरबीतून. ‘गुणाकार’ संस्कृत वळणाचा. पावकी-निमकी पाठ करणाऱ्यांनी शब्दाचे कूळ कधी विचारले नाही. उद्या ‘इलेक्ट्रॉन’ तसाच राहिला तरी मराठी बाटणार नाही.

१३/ दुसरा आक्षेप गंभीर आहे : इंग्रजीने वंचितांना दारे उघडली, ती आता बंद करायची का? मुळीच नाही. इंग्रजी प्रत्येकाला उत्तम यायलाच हवी. पण संकल्पना समजण्याची अट म्हणून इंग्रजी लादली, की दार उघडत नाही, त्यावर पहारेकरी बसतो. आणि तो पहारेकरी पुण्या-मुंबईच्या मुलापेक्षा ताडकळसच्या मुलीलाच अधिक अडवतो.

१४/ आज ‘नीट’ ही वैद्यकीय प्रवेशपरीक्षा मराठीतूनही देता येते. पण त्याआधीची दोन वर्षे विज्ञान शिकायचे इंग्रजीतून. परीक्षेला मराठी चालते आणि अध्यापनाला चालत नाही, याला धोरण म्हणणे कठीण आहे.

१५/ ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. तो भाषेच्या भूतकाळाचा सन्मान आहे. भविष्याची कसोटी निराळी : ताडकळसच्या वाचनालयात कलनशास्त्र, जनुकशास्त्र, अर्थशास्त्र यांवरची सुबोध मराठी पुस्तके किती? जर्विसच्या काळात हे काम सुरू झाले होते. दोनशे वर्षांनंतर भाषेला दोष देणे म्हणजे विहीर खणायची नाही आणि जमिनीत पाणीच नाही म्हणायचे.