वाचनालयांचे एकाकी राखणदार

मुंबईतल्या माहुलच्या प्रकल्पग्रस्त वसाहतीत ७२ इमारती आणि १७ हजारांहून अधिक सदनिका आहेत. तानसा जलवाहिनीलगतच्या वस्त्या हटवल्या, त्या वेळी उठवलेली कुटुंबे इथे आणून ठेवली गेली. शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. डिसेंबर २०१५ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने इथल्या हवेपासून रहिवाशांच्या आरोग्याला धोका असल्याचे नोंदवले. २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की, या लोकांना दुसरे घर देता येत नसेल तर दरमहा १५ हजार रुपये भाडे आणि ४५ हजार रुपये अनामत द्या. दोन्ही आदेश इंग्रजीत. मूळ कागद कुठे मिळेल, त्यात आपल्यासाठी नेमके काय लिहिले आहे, अर्ज कोणत्या कार्यालयात करायचा, त्याला काय काय जोडायचे? दिवसभर राबून आलेल्या माणसाने हे विचारायला कुठे जावे? एखाद्या कार्यकर्त्याकडे, वकिलाकडे, नाहीतर नगरसेवकाच्या कचेरीत, अशी उत्तरे येतील. ग्रंथालयात जावे, असे कोणीही म्हणणार नाही.

कोणीही म्हणणार नाही, यातच आजच्या लेखाचा विषय आहे. ग्रंथालय म्हणजे कादंबऱ्यांची कपाटे आणि वर्तमानपत्रांचे टेबल, आणि ग्रंथपाल म्हणजे किल्ली सांभाळणारा आणि देवघेवीच्या वहीत सही घेणारा माणूस, अशी आपली समजूत झाली आहे. ही समजूत लोकांनी आपणहून करून घेतलेली नाही. ग्रंथपालाला त्यापलीकडचे काही शिकवलेच गेले नाही, म्हणून लोकांना त्यापलीकडचे काही मिळाले नाही. माहुलमध्ये ही उणीव डोळ्यांवर येते, कारण इथे प्रश्न जगण्यामरण्याचा आहे. पण ही उणीव सर्वात खोल आहे ती खेड्यांत. पाऊणशे वर्षांपूर्वी, शुद्धीकरण कारखाने येण्याआधी, माहुलही मासेमारीवर जगणारे खेडेच होते.

महाराष्ट्रात ११ हजारांहून अधिक शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालये आहेत. त्यांतील बहुतेक तालुक्याच्या गावी आणि खेड्यांत, ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’ वर्गात मोडणारी. त्यांत काम करणारी माणसे २० हजारांच्या आसपास. १९६७ साली आपण सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा केला आणि १९७० मध्ये अनुदानाचे नियम केले, त्यांच्या आधारावर ही सगळी इमारत उभी आहे. गावातल्या चार जाणत्या माणसांनी वाचनालय काढावे, सरकारने वर्गवारीप्रमाणे अनुदान द्यावे, असा हा मार्ग. तो मोठ्या विश्वासाचा होता. इतर अनेक राज्यांत सरकार ग्रंथालय काढते, आपल्याकडे समाजाने काढले. १८९३ चे ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय, १८९८ चे मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही त्याच परंपरेची थोरली घराणी. परंतु समाजाने ग्रंथालय काढले म्हणून ते चालवणाऱ्याला घडवण्याची जबाबदारीही समाजावर सोडून द्यायची, ही चूक आपण ५० वर्षांहून अधिक काळ करत आलो आहोत, आणि आता तिचे व्याज भरण्याची वेळ आली आहे.

‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयात एकच कर्मचारी असतो. तोच ग्रंथपाल, तोच लिपिक, तोच झाडू मारणारा. २०१२ नंतर दहा वर्षे अनुदान वाढले नव्हते. २०२२ च्या अखेरीस ६० टक्के वाढ जाहीर झाली आणि या वर्गाचे वार्षिक अनुदान ३० हजारांवरून ४८ हजार रुपयांवर गेले. त्यातला निम्मा भाग वेतनाचा. म्हणजे त्या वाढीनंतर वर्षाला २४ हजार, महिन्याला दोन हजार रुपये. वाढीच्या आधी हाच आकडा साडेबाराशे रुपये होता. प्रभा राव समिती आणि व्यंकप्पा पत्की समिती यांनी या माणसांच्या वेतनाचा आणि सेवाशर्तींचा विचार करून अहवाल दिले, त्यांनाही आता कित्येक वर्षे लोटली. वेतनश्रेणीची मागणी आम्हाला शंभर टक्के मान्य आहे आणि ती पूर्ण होईपर्यंत ती मागे पडता कामा नये. पण वेतन आधी की शिक्षण आधी, असा वाद घालत बसलो तर दोन्ही हातचे जाईल. इतक्या कमी पैशांत काम करणाऱ्या बाईला आपण आजवर एकदाही म्हटलेले नाही की, तुझे काम एक विद्या आहे, ये, दहा दिवस राहा आणि शिक.

‘बाई’ म्हटले ते मुद्दाम. एवढ्याशा मोबदल्यावर घर चालवू पाहणारा पुरुष टिकत नाही, तो शेतीकडे किंवा दुकानाकडे वळतो. मागे राहते ती गावात सून म्हणून आलेली, बारावी किंवा पदवीपर्यंत शिकलेली बाई, नाहीतर तीस-पस्तीस वर्षे हेच काम केलेला, आता थकलेला गृहस्थ. तो गृहस्थ उद्या थांबला की दाखल नोंदवही कशी लिहायची, कोणते पुस्तक बाद करायचे आणि कोणते कितीही जीर्ण झाले तरी बाद करायचे नाही, गावातल्या कोणत्या घरात जुनी हस्तलिखिते आहेत, हे सगळे त्याच्याबरोबर जाईल. लेखी काही नाही. हाताखाली कोणी नाही. ही पिढी झपाट्याने संपत आली आहे, आणि तिच्या जागी येणारी व्यक्ती एकटी, कोऱ्या पाटीने त्या खोलीत शिरते आहे. आम्ही धोक्याची घंटा वाजवतो आहोत ती यासाठी. पुस्तके जळाली तर बातमी होते. ग्रंथपालाकडची माहिती विझली तर कुणाला कळतही नाही.

शिक्षणाची काहीच सोय नाही, असे आम्ही म्हणत नाही. ग्रंथपालनाचा प्रमाणपत्र वर्ग जिल्ह्याजिल्ह्यांत ग्रंथालय संघ वर्षानुवर्षे चालवत आले आहेत, आणि त्यांच्या निरलस कष्टांमुळेच आज निदान वर्गीकरण आणि तालिकीकरण हे शब्द खेड्यापर्यंत पोहोचले आहेत. एक दिवसाच्या कार्यशाळाही होतात. दीपप्रज्वलन, सत्कार, दोन भाषणे आणि जेवण यांत दिवस संपतो आणि चारच्या एसटीची वेळ होते. त्यातून ओळखी होतात, कसब येत नाही. कसब यायला हाताने करून पाहावे लागते, चुकावे लागते, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावे लागते. आणि एकट्याने काम करणाऱ्या माणसाला त्याहूनही महत्त्वाची गोष्ट लागते, ती म्हणजे आपल्यासारखी आणखी माणसे. म्हणून आम्हाला हवा आहे तो दहा दिवसांचा निवासी वर्ग, आणि त्याचे खरे मोल इथे आहे. रात्री जेवणानंतर सतरंजीवर बसून चांद्याची बाई सिंधुदुर्गाच्या बाईला सांगते की, आमच्याकडे शाळेची मुले कशी येऊ लागली, आणि समोरची म्हणते, आमच्याकडे पावसाळ्यात कसर लागते, तुम्ही काय करता? हे कोणत्याही अभ्यासक्रमात लिहिलेले नसते. दहा दिवसांनी त्या दोघी आपापल्या गावी परततात तेव्हा त्यांच्या फोनमध्ये चाळीस नंबर असतात. अडले की विचारायला कुणीतरी असते.

असे होऊ शकते का, ही शंका घेणाऱ्याने महाराष्ट्रातच आरोग्याकडे पाहावे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने गावातल्या थोड्या शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी कशी घ्यायची हे टप्प्याटप्प्याने शिकवले. बालमृत्यू कमी झाल्याचे त्यांचे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. पुढे देशभरातल्या आशा कार्यकर्त्यांच्या शिक्षणात तो अनुभव उतरला. आशांच्या सहाव्या-सातव्या प्रशिक्षण संचाचे शिक्षण २० दिवसांचे, पाच-पाच दिवसांच्या चार फेऱ्यांत, निवासी. मानधनाचा लढा आशांनाही द्यावा लागतो आहे, पण त्यांना शिकवायला कोणी नाही असे कुणी म्हणणार नाही. सरपंचाला प्रशिक्षण आहे, ग्रामपंचायत अधिकाऱ्याला आहे, अंगणवाडी सेविकेला आहे. गावाच्या सार्वजनिक जीवनातले एकच माणूस असे आहे की ज्याच्यासाठी राज्याने नियमित निवासी शिक्षणाची घडी बसवलेली नाही. ते माणूस ग्रंथपाल.

हे आपल्या परंपरेलाही शोभणारे नाही. सयाजीराव गायकवाड मूळचे नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचे. १९०६ मध्ये त्यांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली, आणि १९१० मध्ये विल्यम बोर्डेन यांना तिकडून बडोद्यास आणले. गावोगाव वाचनालये काढायची आणि पुस्तकांच्या पेट्या फिरत्या ठेवायच्या, ही योजना आखताना महाराजांनी केवळ पुस्तके खरेदी करून भागवले नाही. १९११ मध्येच बोर्डेन यांनी बडोद्यात ग्रंथपालनाचा वर्ग सुरू केला. हिंदुस्थानातला असा हा पहिला वर्ग. बोर्डेन १९१३ मध्ये परतले. पुढे ग्रंथालय विभागाचा भार वाहणारे जनार्दन सखाराम कुडाळकर यांनी या चळवळीवर पुस्तक लिहिले, ते १९१९ मध्ये प्रसिद्ध झाले. आधी माणूस तयार करायचा, मग पेटी पाठवायची, हा क्रम एका संस्थानिकाला शंभर वर्षांपूर्वी कळला होता. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्ये, स्वातंत्र्याच्याही आधी, ग्रंथालय कायदा केला. ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या नावाने आपण दरवर्षी ग्रंथमित्रांना पुरस्कार देतो. रंगनाथन यांनी जन्मभर जर एका गोष्टीचा ध्यास घेतला असेल तर ती ग्रंथपाल घडवण्याची.

आता पेट्या पुन्हा निघाल्या आहेत, फक्त त्यांचे रूप बदलले आहे. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानच्या योजनांतून पुस्तके, कपाटे आणि संगणक येतात. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राने ‘ई-ग्रंथालय’ ही प्रणाली मोफत दिली आहे. संगणक टेबलावर मांडला जातो, त्यावर प्लास्टिकचे आवरण चढते, आणि पुढे काय करायचे हे कुणी न सांगितल्याने तो आवरणाखालीच म्हातारा होतो. आम्ही या यंत्रांच्या विरोधात नाही. यंत्राबरोबर माणूस तयार न करणे हा सरकारी पैशाचा अपव्यय आहे, एवढेच आम्ही म्हणतो.

काय शिकवावे? वर्गीकरण शिकवावेच, पण त्यावर दहातले दोन दिवस पुरेत. पुढे पुस्तकाची साधी डागडुजी आणि बांधणी, वाळवी आणि कसर यांपासून जपणूक. मुलांना गोष्ट वाचून कशी दाखवायची, हे एखाद्या चांगल्या बालवाडी शिक्षिकेकडून शिकावे. स्पर्धा परीक्षांच्या मुलांना नुसती खुर्ची आणि पंखा न देता नेमके साहित्य कसे शोधून द्यायचे. संगणकावर नोंदी कशा करायच्या. आणि सर्वात जास्त वेळ द्यावा तो संदर्भसेवेला: सातबारा कुठे पाहायचा, शासन निर्णय कुठून उतरवायचा, माहिती अधिकाराचा अर्ज कसा लिहायचा, न्यायालयाचा आदेश कुठे सापडतो, त्यातला आपल्याशी संबंधित परिच्छेद कसा ओळखायचा. वकिली करायची नाही, सल्ला द्यायचा नाही. कागद शोधून द्यायचा आणि तो वाचायला बसायला जागा द्यायची. खेड्यातल्या शेतकऱ्याला हे हवे आहे, आणि माहुलच्या सातव्या मजल्यावर राहणाऱ्या, श्वास लागलेल्या आईच्या मुलीलाही हेच हवे आहे. म्हणून अशा वर्गांत मुंबई उपनगर जिल्ह्यातल्या छोट्या वाचनालयांची माणसेही बसवावीत. गाव आणि शहर यांच्या सीमेवरच्या वस्त्यांचे प्रश्न दोन्हीकडच्या माणसांनी एकमेकांकडून ऐकले पाहिजेत.

हे परवडेल का? राज्यात ग्रंथालय संचालनालयाचे सहा विभाग आहेत. प्रत्येक विभागाने महिन्याला एक, म्हणजे वर्षाला १२ वर्ग घेतले, आणि एका वर्गात ४० जण धरले, तर वर्षाला २,८८० माणसे शिकून जातात. चार वर्षांत ११,५२०. प्रत्येक ग्रंथालयामागे साधारण एक शिकलेला माणूस. राहणे, जेवण, प्रवास आणि शिकवणाऱ्यांचे मानधन मिळून माणशी दिवसाला दीड हजार रुपये धरले तरी वर्षाचा खर्च साडेचार कोटींच्या आत बसतो. वसतिगृहे सुटीत रिकामी असतात, कृषी विद्यापीठांकडे आणि आश्रमशाळांकडे जागा आहेत. इमारत बांधण्याची गरज नाही, निविदा काढण्याची नाही.

अडचणी आहेत, आणि त्या लहान वाटल्या तरी सगळे त्यांच्यावरच अडते. तान्हे मूल असलेल्या बाईला दहा दिवस यायचे तर मूल बरोबर आणण्याची आणि ते सांभाळायला कोणी असण्याची सोय हवी. सासरच्यांना सांगता येईल असे, तिच्या नावाचे, शिक्का असलेले पत्र हवे. नुसता फोनवरचा निरोप पुरत नाही. प्रवासाचे पैसे परत गेल्यावर तीन महिन्यांनी नव्हे, पहिल्याच दिवशी हातात पडले पाहिजेत, कारण तुटपुंज्या वेतनातून आगाऊ खर्च करण्याची तिची ऐपत नाही. आणि जिथे एकच कर्मचारी आहे तिथे दहा दिवस दार बंद ठेवता कामा नये. गावातल्या निवृत्त शिक्षकाला किंवा महाविद्यालयात जाणाऱ्या मुलाला त्या दिवसांपुरते बसवावे. त्याचा मेहनताना ग्रंथालयाच्या अनुदानातून कापू नये, वर्गाच्या खर्चात धरावा. अंदाजपत्रकाचे काम मंत्रालयात ते सादर होण्याच्या काही महिने आधीच सुरू होते. ही रक्कम त्यात स्वतंत्र शीर्षाखाली यायची असेल, तर संचालनालयाचा प्रस्ताव त्याच्या आधी तिथे पोहोचला पाहिजे.