भुंगेरा दिसला की आधी ठिपके मोजा



पहिला पाऊस पडला की आपल्या निमगाव केतकीत उसाच्या, पानमळ्याच्या बांधावर भुंगेरे दिसू लागतात. मुलं विचारतात, "हा कुठला हो?" मोठी माणसं न बघताच सांगतात, "हुमणीचा असेल, चिरड." माझं स्पष्ट मत आहे, की निदान शाळेत तरी हे उत्तर मिळू नये.

हुमणीचा भुंगेरा तपकिरी, गुबगुबीत असतो. तिन्हीसांजेला जमिनीतून निघतो आणि कडुनिंब, बाभळीवर जाऊन पाला खातो. मिशा आखूड, टोकाला पंख्यासारख्या उघडणाऱ्या. याची अळी उसाची मुळं कुरतडते, म्हणून तो गोळा करून मारतात ते बरोबरच आहे.

पण बांधावरून तुरुतुरु पळणारा, चांगला दीड इंच लांब, काळाकुट्ट, अंगावर पांढरे ठिपके असलेला, तो निराळा! त्याच्या मिशा दोऱ्यासारख्या, पाय लांब, जबडे पुढे आलेले. ठिपके सहा: डोक्यामागच्या भागावर दोन, पाठीच्या कवचावर चार. तो पिकाला तोंड लावत नाही, दुसरे किडे पकडून खातो. त्याला उडता येत नाही. दिव्यावर उडत आला तर समजा, हा तो नव्हेच.

याचं शास्त्रीय नाव अँथिया सेक्सगुटाटा. (मुलं खुदखुदतील, हसू द्या. लॅटिनमध्ये सेक्स म्हणजे सहा, गुट्टा म्हणजे थेंब.) आता गंमत बघा. नुसतं 'सहा ठिपक्यांचा भुंगेरा' असं इंग्रजीतून मोबाईलवर शोधलं, तर हिरवागार चकाकणारा अमेरिकेतला किडा समोर येऊ शकतो. तो सिसिंडेला सेक्सगुटाटा. दोघांचंही नामकरण फॅब्रिशियस या डॅनिश शास्त्रज्ञानं १७७५ मध्ये केलं. मुलगा 'सापडलं' म्हणून तेच चित्र वहीत चिकटवतो आणि आपण त्यावर बरोबरची खूण करतो! मोबाईलला माझा विरोध नाही. पण आधी मिशा, पाय, ठिपके बघून वहीत चित्र काढायचं, मग मोबाईल. 'उपयुक्त कीटक, उपद्रवी कीटक' अशी यादी घोकून परीक्षेत गुण मिळतात, बांधावर मात्र दोन्हींवर चप्पलच पडते.

एक काळजी घ्याच. याला हातात धरू देऊ नका, काडीनंही डिवचू देऊ नका. चिडला की मागच्या टोकातून आम्लाची पिचकारी मारतो. डोळ्यात गेली तर लगेच भरपूर स्वच्छ पाण्यानं धुवा आणि डॉक्टरांकडे न्या. दोन हात लांबूनच बघायचं, जमलं तर वरून एक फोटो काढायचा आणि त्याला त्याच्या वाटेनं जाऊ द्यायचं.